गिटारची मान बसवताना

हैदराबाद
११ ऑगस्ट २०२३

आदरणीय आबासाहेब यांना सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी त्रिवेणी, लक्ष्मणरावांची सून, विकासची बायको. कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत ज्या दुकानात तुम्ही आणि मामांनी (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो) मिळून बावीस वर्षं गिटारी बनवल्या, त्याच दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. माझं लग्न होऊन मी इथे आले त्याच्या वर्षभर आधी तुम्ही हैदराबाद सोडलं होतं. तुमच्या पुतण्याचा नंबर मामांच्या वहीत मिळाला. त्यांना फोन केला तर म्हणाले, काकांना आता अजिबात ऐकू येत नाही, मोबाइलवरचं वाचता येत नाही, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. म्हणून हे पत्र.

मामांना जानेवारीत लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द एकही निघत नाही. लिहिताही येत नाही.

माझी अडचण अशी. ज्योती नावाची मुलगी आहे, सिकंदराबादला नर्स आहे. तिचे वडील रेल्वेच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. ती गिटार तुम्ही दोघांनीच १९९६ साली बनवून दिलेली. वडील मागच्या वर्षी वारले. तारा इतक्या वर आल्या होत्या की बोटाने दाबल्या जात नव्हत्या, म्हणून तिने गिटार मामांकडे आणली. मामांनी वाफ देऊन मान सोडवली आणि पुढच्याच आठवड्यात ते पडले. तेव्हापासून मान एकीकडे, पोट एकीकडे, दुकानाच्या फळीवर आहे. मी तिला म्हटलं, घेऊन जा, दुसरीकडे दाखव. तिने दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनीही सांगितलं की दुसऱ्याने उघडलेल्या कामाला हात लावणार नाही. ती परत घेऊन आली आणि म्हणाली, "आंटी, अंकल जुबान दिये थे." मामा पलंगावरून ऐकत होते. ती गेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी बी.एस्सी. आहे, लग्नाआधी शाळेत शिकवायचे. सुतारकाम कधी केलेलं नाही. मामांना बायकांनी दुकानात आलेलं चालायचं नाही, चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवायचा. पण आता मी चोवीस तास घरातच आहे. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. तेवढ्या वेळात जाऊन येता येईल असं ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरचा किराणा. विकास लोको पायलट आहेत, दोन-दोन दिवस गाडीवर असतात. म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ आहे आणि जायला जागा नाही.

मान पुन्हा कशी बसवायची, ते सांगाल का?

तुमची,
त्रिवेणी

मिरज
२४ ऑगस्ट २०२३

सौ. त्रिवेणी यांस,

पत्र मिळालं. लक्ष्मणचं समजलं.

माझ्या कारखान्यात सध्या सतारींचं काम फार आहे, लांब पत्रं लिहायला सवड नाही. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. हे काम घाई असणाऱ्याचं नाही. तुम्हाला घाई नसेल तर आधी एवढं बघून कळवा. मानेचा जो भाग पोटाला चिकटतो त्याला टाच म्हणतात. टाचेवर जुना सरस राहिला असेल, तो काचेसारखा तांबूस आहे की पांढरा? तांबूस असेल तर आमचा. पांढरा असेल तर मधे कोणीतरी फेव्हिकॉल घातलं आहे आणि काम अवघड आहे. दुसरं, पोटाच्या वरच्या फळीला, म्हणजे तबलीला, बोटाच्या पेराने सगळीकडे हळू वाजवून बघा. कुठे आवाज फुटका येतो का? मला कळवताना "चांगला" किंवा "वाईट" असं लिहू नका. कशासारखा येतो ते लिहा.

पटाशीला हात लावण्याआधी ती कुठे कुठे कापते ते लाकडाच्या तुकड्यावर बघा. लक्ष्मणच्या पटाश्या फार धारदार असतात.

आबासाहेब

हैदराबाद
६ सप्टेंबर २०२३

आदरणीय आबासाहेब यांना नमस्कार.

सरस तांबूस आहे. नखाने टोकलं तर काचेसारखा तुकडा उडतो. तबली सगळीकडे पिकलेल्या कलिंगडासारखी वाजते, फक्त तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या डाव्या बाजूला बोटभर जागेत सुपात चणे हलवल्यासारखा आवाज येतो. तुमचं म्हणणं खरं निघालं, पटाशीने अंगठा कापला. टाके पडले नाहीत, पण दोन दिवस मामांना भरवताना चमचा नीट धरता येईना.

तुम्हाला एक सांगायचं होतं. मी दुकानात जाऊन काहीही करायला लागले की मामा डाव्या हाताने पलंगाची लोखंडी कड वाजवतात. जोरात. मी धावत येते तर त्यांना काही नको असतं, नुसते माझ्याकडे बघतात, डोळे लाल. अठरा वर्षं ज्या दारातून आत जायला मनाई होती तिथे मी त्यांची हत्यारं वापरते आहे, हे त्यांना सहन होत नसावं. माणूस पडल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत असं करावं का, असंही वाटतं. म्हणून आता मधलं दार लावून घेते, पंखा मोठा करते आणि हळू हळू काम करते. तरी कळतं त्यांना.

वरच्या मजल्यावर राणीताई राहतात, त्या माझी पत्रं टपालात टाकतात. काल त्या म्हणाल्या, तू बाहेरच्या हवेला तरी ये. मी ओट्यावर पाच मिनिटं उभी राहिले. आतून थाप आली. आत गेले तर चादर ओली होती.

विकास आले की थकून झोपतात, उठले की पुन्हा ड्यूटीचा कॉल येतो. त्यांना काही बोलावंसं वाटत नाही. नणंद रंजनाताई पुण्याहून रोज फोन करतात आणि विचारतात, दादांनी (वडिलांना त्या दादा म्हणतात) आज काय खाल्लं. मी काय खाल्लं ते कोणी विचारत नाही, असं नाही म्हणायचं मला. पण लिहून गेले. खोडत नाही, कागद घाण होईल.

पुढे काय करू?

त्रिवेणी

मिरज
१७ सप्टेंबर २०२३

चि. सौ. त्रिवेणीस आशीर्वाद.

सुपातले चणे हे बरोबर लिहिलंस. तबलीला आतून चिकटवलेली एक काडी सुटली आहे. ती नंतर. आधी मान.

कोमट पाण्यात फडकं भिजवून, पिळून, टाचेवर अर्धा तास ठेव. सरस मऊ होईल, मग तो पटाशीने न खरवडता लाकडाच्या चपट्या काडीने काढ. टाच पोटात ज्या खाचेत बसते तिच्यातलाही तसाच. दोन दिवस वाळू दे. मग मान नुसती खाचेत बसव, काही लावू नकोस. स्टीलची सरळ पट्टी मानेवरच्या धातूच्या बारीक दांड्यांवर, म्हणजे फ्रेटांवर, आडवी न ठेवता लांबीने ठेव. तिचं पुढचं टोक घोडीच्या माथ्यावर नुसतं टेकलं पाहिजे. ते टोक घोडीच्या अंगावर खाली आपटत असेल तर मान पुढे झुकलेली आहे. सत्तावीस वर्षं तारांनी ओढली, झुकणारच. तिला मागे न्यायची म्हणजे टाचेचं लाकूड खालच्या टोकाला थोडं कमी करायचं आणि वर, फ्रेटांच्या बाजूला, अजिबात नाही.

ते असं. काचपेपरची दोन बोटं रुंद पट्टी काप. टाच आणि पोट यांच्या फटीत घाल, खरखरीत बाजू टाचेकडे. मान दाबून धर आणि पट्टी सरळ ओढून बाहेर काढ. टाचेच्या डाव्या अंगाला जितक्या वेळा ओढशील तितक्याच वेळा उजव्या अंगाला. एक कमी-जास्त झालं तरी मान वाकडी बसेल. पाच वेळा ओढलं की पुन्हा स्टीलची पट्टी लावून बघ. काढलेलं लाकूड परत घालता येत नाही. चुकलीस तर कळव, पण लपवू नकोस.

आता लक्ष्मणचं. तो पलंग नेमका केव्हा वाजवतो? तू दुकानात गेल्याबरोबर? की काही वेळाने? काय करत असताना? कागदावर टिपून ठेव. माझ्या माहितीतला लक्ष्मण चिडला तर गप्प बसायचा. तीन-तीन दिवस. आवाज करणारा माणूस नव्हता तो.

अंगठ्याला हळद लाव.

आबासाहेब

हैदराबाद
२० ऑक्टोबर २०२३

ती. आबाकाकांना साष्टांग नमस्कार. काका म्हटलं तर चालेल ना?

उशीर झाला, पण तुम्ही सांगितलेलं टिपण नीट करायचं होतं. मधलं दार उघडं ठेवलं आणि कागद-पेन्सिल जवळ घेतली. ओलं फडकं ठेवून सरस काढत होते तेव्हा अर्धा तास एक थाप नाही. मग मला घाई झाली, राहिलेला तुकडा पटाशीने खरवडला. थाप. पटाशी ठेवली. शांत. मला वाटलं योगायोग असेल.

दुसऱ्या दिवशी काचपेपर ओढायला सुरुवात केली. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. काही नाही. पुन्हा डावीकडे पाच, उजवीकडे चार झाले आणि दूध उतू गेलं म्हणून मी उठले. परत येऊन मला वाटलं उजवी बाजू झाली, म्हणून डावीकडे ओढलं. काका, पलंग असा वाजला की राणीताई वरून खाली आल्या.

मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "मामा, उजवीकडे एक राहिला?" त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी तिथेच जमिनीवर बसले. नऊ महिने आम्ही एका खोलीत आहोत. मी रोज त्यांचं अंग पुसते, आणि हा माणूस मला काही सांगतोय हे मला कळलं नव्हतं. मी दार लावून घेत होते.

आता दार उघडं असतं. आवाज चुकीचा आला की एक थाप, थांब म्हणून. मी विचारते, ते डोळे मिटतात किंवा नाही मिटत. कधीकधी मला कितीही विचारून कळत नाही की काय चुकलं, मग ते दमतात आणि मलाही रडू येतं. पण पट्टीचं टोक आता घोडीच्या माथ्यापासून केसभर खाली आहे.

हे सगळं आनंदाचं लिहिलं. दुसरं लिहू की नको असा विचार करत पत्र दोन दिवस पडून होतं.

मागच्या शनिवारी विकासचे सोबती कुलदीप आले होते, मामांना बघायला. चहा घेताना सहज म्हणाले, "भाभी, विकास भाई को बोलो थोडा आराम करे. दूसरों की ड्यूटी भी माँग के ले रा." मी हसून हौ म्हटलं. ते गेल्यावर कॅलेंडरवर बघितलं. राखीला, गणपतीला, माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला, तिन्ही वेळा ते म्हणाले होते की सुट्टी मंजूर झाली नाही. त्यांनी मागितलीच नव्हती. ते दुसऱ्यांच्या सुट्ट्या भरत होते.

माझा नवरा वाईट नाही काका. दारू नाही, कधी आवाज चढवला नाही. त्याला फक्त या घरात राहायचं नाही. आणि तो जाऊ शकतो.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

त्रिवेणी

मिरज
१ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. त्रिवेणीस आशीर्वाद.

काका म्हण.

लक्ष्मणचा कान शाबूत आहे हे वाचलं. तो पूर्वीही पाठ करून बसायचा आणि कोणाचा रंधा उलटा चाललाय ते सांगायचा.

विकासचं म्हणशील तर पुरुषाला घरातलं आजारपण बघवत नाही. त्यातून बाप. त्याला समजून घे. बोलून दाखवू नकोस, तो आणखी लांब जाईल. बायकांच्या अंगी जे सोसणं असतं ते आमच्यात नसतं. हेही दिवस जातील.

टोक केसभर खाली आहे तर आता काचपेपर बारीक घे. मान खाचेत सैल वाटेल, तेव्हा दोन्ही अंगांना लाकडाची कागदासारखी पातळ चिप लावावी लागते. चिप लावल्यावर मान हाताच्या दाबाने बसली पाहिजे. जोर लावू नकोस. ठोकू तर अजिबात नकोस.

आबासाहेब

मिरज
१९ डिसेंबर २०२३

चि. त्रिवेणी,

दीड महिना झाला, पत्र नाही. लक्ष्मण बरा आहे ना? दोन ओळी टाक.

आबासाहेब

मिरज
९ जानेवारी २०२४

चि. त्रिवेणीस,

पुतण्याला हैदराबादला फोन करायला लावला. तू त्याला म्हणालीस, सगळे ठीक आहेत, आणि फोन ठेवलास. म्हणजे तू माझ्यावर रागावली आहेस. तुझ्या जागी मीही रागावलो असतो. माझं नोव्हेंबरचं पत्र मी लिहिताना वाचलं नव्हतं, आता आठवून वाचतो आहे.

मी तुला समजून घे म्हणून लिहिलं. माझ्या बायकोने, तारामतीने, मला तेरा वर्षं समजून घेतलं. कान गेल्यावर मला एकट्याला घरात भीती वाटायची. पाठीमागून कोणी आलं तरी कळायचं नाही. मी तिला जाऊ नकोस असं कधी म्हटलं नाही. ती चप्पल घालायला लागली की मी नुसता दाराकडे बघायचो. ती चप्पल काढायची. तिची सख्खी बहीण सांगलीत वारली, सहा मैलांवर, तेव्हाही ती गेली नाही. ती स्वतः गेली तेव्हा तिच्या पेटीत चार नव्या साड्या घडी न मोडलेल्या निघाल्या. मी तेव्हा त्या साड्यांचा अर्थ लावला नाही, वाटून टाकल्या. सोसणं बायकांच्या अंगी असतं हे मला या घरात शिकायला मिळालं, ते शहाणपण म्हणून तुला पाठवलं. चुकलो.

लिहायला बसलोच आहे तर बाकीचंही लिहितो. कारखाना माझा नाही. पुतण्याचा आहे, खालच्या मजल्यावर. मला वर खोली दिली आहे. सूर ऐकू न येणाऱ्या माणसाला सतारीला हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. पहिल्या पत्रात सवड नाही म्हणून लिहिलं होतं, तेव्हा मी चार दिवस तुझं पत्र घेऊन खिडकीत बसून होतो.

मी हैदराबाद का सोडलं ते लक्ष्मणने घरात सांगितलं नसेल. कान जायला लागले तेव्हा मी दोन वर्षं लपवलं. गिटारच्या कडेला दात टेकवून सूर बघायचो. दातातून हाडात आवाज जातो, पण तो फसवतो. एका गिटारचे फ्रेट मी चुकीचे बसवले. गिऱ्हाईक परत घेऊन आलं. दुकानात पाच-सहा माणसं होती. लक्ष्मणने गिटार हातात घेतली, वाजवली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "याला ऐकू येत नाही. यापुढे याच्या हातचं काम या दुकानातून जाणार नाही." ते मला ऐकू आलं नाही. त्याच्या ओठांवरून कळलं. आम्ही देगलूरच्या एका गल्लीतले, एका ताटात जेवलेले. मी त्याच संध्याकाळची गाडी धरली. लपवलं मी होतं, हे कबूल करायला मला पुढची दहा वर्षं लागली, आणि तोवर पत्र लिहायची लाज वाटायला लागली.

तुझं पहिलं पत्र आलं, लक्ष्मणची वाचा गेली असं त्यात होतं, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं बोलत नाही. खिडकीत बसून मला बरं वाटत होतं. तुला उत्तर दिलं तेही पुढे काय झालं ते कळावं म्हणून. मग तू ते कलिंगड आणि चणे लिहिलेस. वीस वर्षांत कोणी मला आवाज लिहून कळवला नव्हता.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. गिटार मात्र अर्धी सोडू नकोस.

आबा

हैदराबाद
२ फेब्रुवारी २०२४

ती. आबाकाकांना साष्टांग नमस्कार.

मी रागावले होते. तुमचं नोव्हेंबरचं पत्र मी वाचलं त्या दिवशी विकास दोन तासांसाठी घरी येऊन पुन्हा गेले होते. तुम्ही सांगितलं होतं जोर लावू नकोस. मी दुकानात गेले, पातळ चिप न लावताच मान खाचेत घातली, ती वाकडी अडकली, आणि मी लाकडी हातोडी घेऊन ठोकली. मामा पलंग वाजवत होते. मला ऐकू येत होतं. मी ठोकत राहिले. टाच उभी चिरली, चार बोटं. चुकलीस तर लपवू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, आणि मी अडीच महिने लपवलं. गिटारवर जुनी साडी टाकली, मधलं दार लावलं. ज्योतीचा फोन आला तर म्हटलं, काम चालू आहे. मामांनीही मग पलंग वाजवणं सोडलं. पाणी हवं असलं तरी वाजवत नव्हते. घरात आम्ही दोघं आणि आवाज नाही, असे ते दिवस गेले. एकदा दुपारी मी पुढच्या दाराला आतून कडी लावली, का लावली ते आठवत नाही, आणि कडीकडे बघत तासभर उभी राहिले.

तुमचं पत्र जानेवारीत आलं. दोनदा वाचलं. मग मामांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं वाचलं काका, गाळलं काही नाही. तुमचा दुकानातला प्रसंग वाचताना त्यांनी डोळे मिटून घेतले, मला वाटलं थांबावं. पण पुढे "मला बरं वाटलं" हे वाक्य आलं आणि ते हसले. लकवा झाल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. अर्धंच तोंड हलतं, पोट मात्र पूर्ण हलत होतं. मला भीती वाटली, ठसका लागतो की काय. हसून झाल्यावर रडले. मी तोंड पुसलं. मग त्यांनी डावा हात कागदाकडे नेला. पत्र दिलं तर उलटं धरलं, त्यांना वाचता येत नाही आता. मी सरळ करून दिलं. तुमच्या सहीवर अंगठा ठेवून ते झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते, दुकानात कोणी नव्हतं, आणि थाप आली. त्यांचे डोळे मधल्या दारावर. मी गिटार आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, चीर दाखवली. म्हटलं, "मीच केलं, मामा." त्यांनी बोट चिरेत घालून खालपासून वरपर्यंत फिरवलं. मग डोळे मिटून उघडले. होय, दुरुस्त होईल, असं मी समजले.

अफझलगंजहून राणीताईंनी सरस आणून दिला. रात्रभर भिजवला, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात छोटं भांडं ठेवून वितळवला. उकळू दिला नाही. चीर सांधून लाकूड आवळून धरायचा शिकंजा लावला, दोन दिवस ठेवला. मानेला पातळ चिपा लावल्या, आतली सुटलेली काडीही चिकटवली. चणे थांबले.

मान बसवायला मात्र दोन माणसं लागतात. गरम सरस मिनिटाभरात थंड होतो, एकाने लावायचा आणि दुसऱ्याने लगेच शिकंजा आवळायचा. विकास आले होते. मी त्यांना म्हटलं, हात धुवून दुकानात या. ते उंबऱ्यावर थांबले. मामांनी त्यांना लहानपणी बळेच हे काम शिकवायला घेतलं होतं, त्यावरून घरात काय काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. मी म्हटलं, मिनिटभराचं काम आहे. ते आत आले. मी सरस लावला, त्यांनी आवळला, मामांनी आवळण्याच्या आवाजावरून एक थाप दिली आणि विकासनी हात जागेवर थांबवला. त्यांना न सांगता कळलं. बापाची ती थाप त्यांनी लहानपणी टेबलावर ऐकलेली होती.

मी बोलून दाखवणार नव्हते, पण ते तिथेच शिकंजा धरून उभे होते, हलू शकत नव्हते, तेव्हा बोलले. कुलदीप काय म्हणाले ते सांगितलं. ते म्हणाले, "मला बघवत नाही त्रिवेणी. मला जमत नाही."

मी म्हटलं, "मलाही बघवत नाही. मी फक्त करते."

मामा हे सगळं ऐकत होते. काय करणार, ते उठून जाऊ शकत नाहीत आणि मीही.

आठ दिवसांनी तारा चढवल्या. पहिली तार छेडली तेव्हा गिटार मामांच्या छातीवर धरली होती. त्यांनी डाव्या हाताची बोटं तारांवरून एकदा फिरवली आणि बराच वेळ हात तसाच ठेवला.

विकासनी दर बुधवारची सुट्टी मागून घेतली आहे. पहिल्या बुधवारी मी गिटार घेऊन स्वतः निघाले. त्यांना वळवायचं, भरवायचं, पुसायचं सगळं दोनदा दाखवलं. सिकंदराबादची बस धरली. टँकबंडवरून जाताना तलावाच्या पाण्याकडे बघत होते आणि मनात सारखं येत होतं, आता बारा वाजले, आता वळवायची वेळ. ज्योतीने गिटार मांडीवर घेतली, एक जुनं तेलुगू गाणं वाजवलं, मधेच थांबली आणि आत निघून गेली. मी तिच्या खुर्चीत एकटी बसून होते. मला कुठूनही हाक येत नव्हती. घरी पाचला पोचले तर चादर बदललेली नव्हती, खिचडी पलंगभर सांडलेली, विकासचे डोळे सुजलेले, आणि मामा झोपलेले. घाण आवरायला मला तास लागला. पण पुढच्या बुधवारी मी पुन्हा जाणार आहे. कोठीतल्या एका शाळेत अर्ध्या दिवसाची जागा आहे असं राणीताई म्हणाल्या, बघून येईन. मिळेल की नाही माहीत नाही. बाकीचे सहा दिवस आहेत तसेच आहेत.

काका, एक विचारते. तुम्ही याल का? मामांना विचारलं आहे. डोळे मिटले की होय, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी लगेच मिटले नाहीत. दिवसभर छताकडे बघत होते. संध्याकाळी भरवताना पुन्हा विचारलं, तेव्हा मिटले.

तुमची,
त्रिवेणी

मिरज
१२ फेब्रुवारी २०२४

चि. त्रिवेणीस अनेक आशीर्वाद.

त्याने दिवसभर विचार केला हे बरं झालं. लगेच हो म्हणाला असता तर मी आलो नसतो.

पुतण्याने वीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, सोलापूरला बदलायची. गाडी सिकंदराबादला एकवीसला सकाळी पोचते. डब्याचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मला हाका मारून उपयोग नाही, डब्याच्या दारासमोर येऊन उभं राहावं लागेल. मी काळी टोपी घालतो. किती दिवस राहणार ते मला माहीत नाही. लक्ष्मणला वळवायचं कसं ते मला दाखव, हातात अजून तेवढी ताकद आहे. आणि तो रागावला तर मला ऐकू येणार नाही, त्यामुळे आमचं जमेल.

स्टेशनवर घ्यायला विकासला पाठव.

हे लिहून झाल्यावर कॅलेंडर बघितलं. एकवीसला बुधवार आहे. विकासला घरी बसू दे. तू ये. गाडी पोचली की आपण लगेच घरी जायचं नाही, स्टेशनाबाहेर कुठेतरी बसून इराणी चहा घेऊ आणि मग निघू.

तुझा,
आबाकाका